बोगद्यात बाकरवडी

डी-५०१ अश्विनी: नमस्कार मंडळी. आम्ही २४ ला मनालीला निघतोय. सासूबाईंनी खाऊची वेगळी बॅगच भरली आहे. चिवडा, शंकरपाळे आणि बाकरवडीची चार सीलबंद पाकिटं. तिकडे नीट राहतं ना हे सगळं? बी विंगमधून गेल्या वर्षी कोणीतरी जाऊन आलं होतं ना?

सेक्रेटरी काका: उद्या सकाळी ६ ते ८ पाणी येणार नाही. टँकर सांगितला आहे. वरच्या मजल्यांना प्रेशर कमी राहील.

बी-२०४ सायली: मेधा, अश्विनी विचारतेय बघ. बाकरवडीबद्दल.

बी-३०४ मेधा: सायली, गप्प बस हं.

बी-२०४ सायली: मी कुठे काय बोलले?

डी-५०१ अश्विनी: काय झालं? खराब होते का?

बी-३०४ मेधा: बरं, मीच सांगते, नाहीतर ही तिखटमीठ लावून सांगेल. आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी गेलो होतो. नवरे, पोरं घरी. मनालीत दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सिस्सूला निघालो, अटल टनेलमधून. वाटेत भाड्याचे ते बर्फातले कोट आणि गमबूट चढवले. पाचही जणी सारख्याच दिसत होतो, गाद्या गुंडाळून ठेवल्यासारख्या. टनेल ९ किलोमीटरचा. आत गाडी थांबवायची नाही, जागोजागी कॅमेरे. निम्म्यात असू, तेवढ्यात धाडकन आवाज. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, त्याला वाटलं टायर गेला. 'बैठे रहो, बैठे रहो' करत तो खाली उतरला आणि एकेका टायरला लाथ मारून बघायला लागला. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. बोगद्यात हॉर्न कसा घुमतो ते सांगायला नको. आणि त्याच्यावर माझं किंचाळणं. मग मांडीवर काहीतरी लागलं म्हणून हात घातला तर बाकरवडी. सीटखाली बाकरवडी, टोप्यांमध्ये बाकरवडी, पुढे बसलेल्या मैत्रिणीच्या केसांत बाकरवडीचा मसाला. तिकडे हवा विरळ, त्यामुळे पाकीट आपोआप फुटलं. तेव्हा अश्विनी, सीलबंद नेऊ नकोस.

ए-६०२ रोहन: त्या टायरचे हाल. काही केलं नाही बिचाऱ्याने आणि लाथा खाल्ल्या.

सी-१०१ गोखले सर: मेधाताई, एक शंका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. मनाली २,०५० मीटर, तिथे ७९० धरा. टनेलचं दक्षिणेकडचं तोंड ३,०६० मीटरवर आहे, उत्तरेकडचं ३,०७१. तिथे ७०० च्या आसपास. म्हणजे पाकिटात इथे लिटरभर वायू भरला असेल, तर त्याला मनालीत १.२ लिटर जागा लागते आणि टनेलमध्ये १.३५. मोठी उडी पुणे ते मनाली हीच. तिथे दोन दिवस टिकलेलं पाकीट पुढच्या हजार मीटरला आपोआप फुटेल, हे मला पटत नाही. बाहेरून दाब पडला असला पाहिजे.

बी-२०४ सायली: सर, साष्टांग नमस्कार. पडला. चांगला पडला.

बी-३०४ मेधा: सायली!!

बी-२०४ सायली: सांगतेस की मी टाइप करू?

बी-३०४ मेधा: माझी कंबर धरली होती. पाकीट मनालीतच टम्म फुगलेलं, टिचकी मारली की डफासारखं वाजायचं. मला वाटलं आयती उशी मिळाली. कमरेमागे लावलं, वरून तो जाडजूड कोट, कुणाला पत्ता नाही. टनेलमध्ये जांभई आली म्हणून आळस दिला आणि मागे रेलले. बस, एवढंच.

ए-६०२ रोहन: एवढंच!

बी-२०४ सायली: एवढंच नाही. कॅमेऱ्यात गाडी थांबलेली दिसली असणार, कारण पलीकडच्या तोंडाला गणवेशातल्या एका माणसाने बाजूला घेतलं. 'क्या हुआ था?' ड्रायव्हर खरं बोलणारा, म्हणाला, 'साब, मॅडम की पीठ से आवाज आया.' आम्ही चौघी खिडकीबाहेर बघत होतो, हसलो असतो तर संपलंच. मेधाला खाली उतरून, वळून, कोटाची पाठ दाखवावी लागली. त्यावर हाताएवढा तेलाचा डाग, मधोमध एक अख्खी बाकरवडी चिकटलेली. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, 'ये खाते हैं?'

बी-३०४ मेधा: मग काय, फुटक्या पाकिटात उरलेल्या पाच-सहा पुढे केल्या. त्याने घेतल्या नाहीत. 'आगे बढ़ो' म्हणाला, पण तोंड फिरवून हसला, मी बघितलं. त्या डागाचे वर पैसे मागितले कोटवाल्याने, ते वेगळंच.

सी-१०१ गोखले सर: आता उपाय. निघण्याआधी पाकिटाला वरच्या कोपऱ्यात टाचणीने एक भोक पाडावं आणि त्यावर चिकटपट्टी लावून घ्यावी. मनालीत पोचल्यावर पट्टी उचलून हवा सोडायची, परत लावायची. शॅम्पूची बाटली दाबून, हवा काढून मग झाकण लावावं. विमानातसुद्धा हेच होतं, केबिनमधला दाब पुण्यापेक्षा कमीच असतो.

डी-५०१ अश्विनी: सासूबाई म्हणतायत, भोक पाडलं की बाकरवडी सादळेल.

सी-१०१ गोखले सर: त्यांना सांगा, पट्टी माझ्याकडून घेऊन जा. जाड आहे, पुस्तकांना लावतो.

ए-६०२ रोहन: सर, सहाव्या मजल्यावरच्या नळाच्या प्रेशरचंही गणित करा ना एकदा.

डी-५०१ अश्विनी: मेधाताई, त्या ड्रायव्हरचा नंबर आहे का? खरं बोलणारा माणूस हवाच.

बी-३०४ मेधा: आहे, पर्सनलवर पाठवते. परतीच्या वाटेवर सीटच्या फटीतल्या शोधून शोधून खात होता तो. या दिवाळीला मेसेज आला, 'मॅडम, वो फटने वाला नाश्ता फिर कब लाओगे?' एक पाकीट त्याच्यासाठी नेशील का? पैसे मी देते.

डी-५०१ अश्विनी: सासूबाईंनी ऐकलं. पाचवं पाकीट आणायला सासरे खाली उतरलेसुद्धा.

सेक्रेटरी काका: पाण्याचा मेसेज वर गेला म्हणून परत टाकतोय. उद्या ६ ते ८ पाणी नाही. अश्विनीताई, सासऱ्यांना म्हणावं सहावं आणा, मी गेटवरच उभा आहे.