फोन हातात घेतला तो कशासाठी? तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री लाईट बिल भरायला फोन उघडला. पाऊण तासाने बघते तर फुलांची वाडी भरलेल्या एका बाईच्या डोहाळजेवणाचे फोटो पाहत होते. ती कोण, कुठली, काही माहीत नाही. बिल तसंच राहिलं. शेजारी मुलगा गणिताची वही घेऊन केव्हाचा बसला होता, हाका मारून मारून गप्प झाला होता. ते फार लागलं मनाला. तेव्हापासून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते, फोन कशाला उघडला आणि काय करत बसले. व्हॉट्सॲप, फेसबुक, हे सगळं तुम्ही कशासाठी वापरता? काय मिळालं, काय गेलं? उपदेश नको, घडलेलं सांगा.

रानजाई
माझी मावशी गेली ते मला स्टेटसवरून कळलं. कणीक मळत होते, करंगळीने स्क्रीन सरकवली तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मावसभावाच्या मित्राने टाकलेलं. फोटो माझ्याच लग्नातला. कडेला माझा हिरव्या चुड्याचा हात अर्धा कापलेला दिसत होता. आईला अजून कुणी कळवलं नव्हतं. तशाच पिठाच्या हाताने आधी तिचा फोन उचलून फडताळात ठेवला आणि मग तिच्याजवळ जाऊन बसले. त्या मुलावर राग नाही, त्यालाही दुःख झालं असणार. पण आमच्या घरात आता गेल्याची बातमी आधी फोन करूनच सांगतात.

डाळिंबवाला
सगळंच वाईट म्हणू नका. माझी अडीच एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. पावसाळ्यात फळांवर तेलकट डाग दिसले, फोटो बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला. रात्री दहाला पंढरपूरकडच्या एकाने फोन केला, "तेल्या रोगच आहे, डागी फळं बागेबाहेर काढा, कात्री प्रत्येक झाडाला धुऊन घ्या." त्यांना मी आजवर भेटलेलो नाही. निवडणुकीत याच ग्रुपवर भांडणं लागून निम्मे लोक बाहेर पडले, हेही खरं. आता तिथे डाळिंबाशिवाय काही टाकायचं नाही.

साक्रीकर
१ जुलै २०१८ला आमच्या साक्री तालुक्यात (धुळे जिल्हा) राईनपाड्याला जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याआधी बरेच दिवस तसले मेसेज फिरत होते. त्यातला एक मीही बहिणीला पाठवला होता, 'पोरांना सांभाळ' म्हणून. काळजीपोटीच. तिने पुढे कुणाला पाठवला, हे विचारायचं धाडस मला आजही होत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी तर तेव्हापासून न पाहिलेलं काहीच पुढे पाठवत नाही, कुणी रागावलं तरी.

कृष्णाकाठ
सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२मध्ये सुरू केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. ते वाचून आम्हीही घरात करून पाहिलं. पहिला आठवडा हात सारखा चार्जरकडे जायचा. सासूबाई एकट्याच गहू निवडत बसायच्या, रोजच बसत असणार. आठव्या दिवशी मी दुसरं सूप घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी काही न बोलता आपल्यातले दोन ओंजळ गहू माझ्या सुपात टाकले.