फॅताडू उडतात, पण त्याने बदलतं काय?

रानवाट

नबारुण भट्टाचार्य यांची 'कांगाल मालसाट' ही २००३ सालची बंगाली कादंबरी. कोलकात्यातली फाटकी, कुणाच्याच खिजगणतीत नसलेली माणसं तिचे नायक आहेत. एक गट फॅताडूंचा. 'फँत फँत साँई साँई' म्हटलं की ते हवेत उडतात. मदन, डी. एस. आणि पुरंदर भाट नावाचा कवी हे त्यातले तिघे. दुसरा गट चोक्तारांचा, म्हणजे जादूटोणा करणाऱ्यांचा, आणि त्यांचा म्होरक्या भदी. शिवाय दंडवायस नावाचा बोलणारा जुनापुराणा कावळा. ही सगळी मंडळी मिळून राज्य सरकारविरुद्ध युद्ध पुकारतात.

या कादंबरीबद्दल बोलताना लोक 'धमाल आहे' म्हणून थांबतात, ते मला खटकतं. हे लोक उडून कुठे निघून जात नाहीत, परत आपल्याच गल्लीत उतरतात. ते श्रीमंत होत नाहीत, सुधारतही नाहीत. बड्या लोकांच्या मेजवानीवर घाण टाकायची आणि रात्र साजरी करायची, बस्स. वास्तववादी कादंबरीत अशा माणसाला दोनच जागा मिळतात, एक तर बळीची नाही तर मोर्चातल्या गर्दीची. इथे पहिला वार त्यांचा असतो. भुताखेतांशिवाय हे शक्यच नव्हतं. आणि सरकार कुणाचं? १९७७ पासून सत्तेत असलेल्या डाव्यांचं. लेखक स्वतः डाव्या घरातला. वडील बिजन भट्टाचार्य 'नवान्न' नाटकाचे लेखक, आई महाश्वेता देवी. आपल्याच माणसांनी गरिबाला फाइलीत बंद केल्याचा हा संताप आहे.

अर्धविराम

संताप पोचला, पण कादंबरी म्हणून ती मला पोकळ वाटते. ज्या जगात काहीही घडू शकतं तिथे कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. मंत्र म्हटला की उडता येतं, मग भीती कसली? पोलिसांची लाठी खाणाऱ्या माणसाला मंत्र नसतो.

याच लेखकाची 'हारबर्ट' (१९९३) बघा. अनाथ, घरच्यांनी कोपऱ्यात ढकललेला हारबर्ट मेलेल्यांशी बोलायचा धंदा काढतो. नक्षलवादी पुतण्या मेल्यानंतर स्वप्नात येऊन डायरीची जागा सांगतो, तिथून हे सुरू होतं. हा चमत्कार की विसरलेली आठवण, हे लेखक शेवटपर्यंत अधांतरी ठेवतो. मग विवेकवादी मंडळी त्याला खोटं ठरवायला येतात आणि तो जीव देतो. त्याचं प्रेत विद्युतदाहिनीत जातं तेव्हा गादीत दडवलेल्या स्फोटकांचा भडका उडतो. तिथे अंगावर काटा येतो, कारण एक माणूस खरोखर संपलेला असतो. साहित्य अकादमी पुरस्कार (१९९७) या कादंबरीला मिळाला तो उगाच नाही.

रानवाट

'हारबर्ट' थोर आहे, त्यावर आपलं भांडण नाही. पण त्यात बंड होतं ते हारबर्ट मेल्यावर, तेही त्याच्या नकळत. गादीत काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. दहा वर्षांनी तोच लेखक म्हणतो की यांना जिवंतपणीच, टोळीने, हसत-खिदळत सरकारच्या छाताडावर उभं करू. गरिबाच्या कथेत कुणीतरी मेलंच पाहिजे, तरच आम्ही तिला गंभीर मानू, ही वाचकाची अट मला क्रूर वाटते.

काजवा

रानवाट यांच्या बाजूने एक गोष्ट. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय यांनी 'कांगाल मालसाट'वर चित्रपट केला, तो २०१३ मध्ये आला. तोवर राज्यातलं डाव्यांचं सरकार २०११ मध्येच गेलं होतं, तरी सेन्सॉर बोर्डाने अडवलंच. नेम धरला होता डाव्यांवर, झोंबलं त्यांच्यानंतर आलेल्यांना. नुसती राजकीय टीका असती तर २०११ नंतर शिळी झाली असती. उडणारी माणसं शिळी होत नाहीत.

अर्धविराम

काजवा, हा पुरावा चालणार नाही. आक्षेप घेतले गेले त्यात नव्या मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीचं दृश्य होतं. ते २००३ च्या पुस्तकात असणार कुठून? ती दिग्दर्शकाची भर. त्याचं धाडस कादंबरीच्या खात्यावर जमा करू नका.

काजवा

भर त्याची, कबूल. पण ती भर घालायला कादंबरीने जागा ठेवली होती. नवा शपथविधी आत बसवला आणि गोष्टीचा सांधा कुठे निखळला नाही, हे तिच्या बांधणीचंच बळ आहे.

सांजवेळ

तुम्ही तिघेही एका गोष्टीला हात लावत नाही आहात. या टोळीत बायका कुठे आहेत? भदीची बायको बेचामणी आहे, पण बंडाची मालकी पुरुषांची. पिणं त्यांचं, शिव्या त्यांच्या, उडण्याची मौजही त्यांचीच. मला शिव्यांचं वावडं नाही. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका' या मराठी पुस्तकावर गदारोळ झाला तेव्हा त्यांच्या भाषेची बाजू घेणारे बरोबर होते असंच मी मानते. माझा प्रश्न वेगळा आहे. समाजाने फेकून दिलेल्यांची ही यादी केली कुणी, की बाईचं नाव त्यात इतकं खाली यावं?

रानवाट

सांजवेळ ताई, हा आक्षेप मी अडवणार नाही, तो खराच आहे. फक्त त्यामुळे कादंबरीचा राग खोटा ठरतो हे मला पटत नाही. अपुरा ठरतो, इतकं म्हणेन.

सांजवेळ

खोटा मी म्हटलेलंच नाही. पण ज्या कादंबरीत कावळासुद्धा राजकारणावर बोलतो, तिथे 'त्या काळी असंच होतं' ही सबब लेखकाला मिळत नाही. वास्तवाचं बंधन त्याने स्वतःच झुगारलं होतं. मग बेचामणीला उडवायला त्याला कोण अडवत होतं?

अर्धविराम

हेच मी पहिल्यापासून म्हणतोय, फक्त ताईंनी नेमकं म्हटलं. सगळं शक्य असलेल्या जगात लेखक काय करत नाही, त्याचाही हिशेब त्याला द्यावा लागतो.

रानवाट

नाही, तुम्ही दोघं एकच म्हणत नाही आहात. तुम्हाला जादू कमी हवी आहे. ताईंना ती आणखी जणींच्या हाती हवी आहे. मी ताईंच्या बाजूचा.