मराठीत रॅप करतो. पंचवीस हजारांचं ‘पॅकेज’ घेऊ की नको?

भांडुप_पश्चिम

नमस्कार मंडळी. वय २२, राहणार टेंभीपाडा. दिवसा कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सल स्कॅन करतो, रात्री लिहितो. अकरा गाणी लिहून तयार आहेत, त्यातली तीन मोबाइलवर रेकॉर्ड केलीत. मराठीत करतो. घरी मालवणी बोलतात, त्यामुळे मध्येच तीही घुसते.

एका स्टुडिओवाल्याने पॅकेज सांगितलंय. रेकॉर्डिंग, मिक्स, व्हिडिओ, सगळ्या ॲपवर रिलीज आणि वर ‘एक लाख व्ह्यूजची गॅरंटी’. २५,००० रुपये. माझा पगार १६,५००. तोच म्हणाला, मराठीला लिमिट आहे, हिंदीत कर, बम्बइया टच दे.

मागच्या रविवारी कार्टर रोडला सायफरला गेलो, म्हणजे गोल करून पाळीपाळीने रॅप करायचं. सगळे हिंदीत. माझी पाळी आली, दोन बार (रॅपच्या ओळी) मराठीत मारले, एक जण हसला. मी घाबरून पुढचे बार जागेवरच हिंदीत फिरवायला गेलो आणि अडकलो. चौथ्या बारला ‘सॉरी’ म्हणून बाहेर आलो. भांडुप येईपर्यंत ट्रेनच्या दारात उभा राहून तेच बार पुटपुटत होतो, सगळे बरोबर येत होते.

तर पॅकेज घेऊ का? भाषा बदलू का? आणि ह्या सीनमध्ये शिरायला कुणाची ओळख लागते का?

जुना_वाचक

कविता करायची असेल तर वृत्तात करा. ही नुसती बडबड आहे, दहा वर्षांत विसरली जाईल. नोकरी सोडू नका, एवढंच सांगतो.

फेडर_खाली

नोकरी सोडू नकोस, ह्याला माझाही दुजोरा. बडबडीचं नंतर बघू. जेवून बसलोय, जरा लांब लिहितो.

मी विक्रोळी पार्कसाइटचा, टेकडीवर दहा बाय बाराची खोली. आता ३७ चालू आहे. २००९ साली मी ऑर्कुटवर बॅटल करायचो. टाइप करून. समोरचा चार ओळी टाकायचा, आपण चार टाकायच्या, मग बाकीचे मत द्यायचे. आणि हे सगळं इंग्रजीत! दहावीला इंग्रजीत ४१ मार्क मिळवलेला मी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून लोकांना गाड्या आणि बंदुकांच्या धमक्या देत होतो. घरी सायकल नव्हती.

मग इंग्रजीचं हिंदी झालं. २०१४ च्या जानेवारीत नेझी ह्या रॅपरचं ‘आफत’ आलं. पोरगा कुर्ल्याचा, म्हणजे आमच्यापासून तिसरं स्टेशन, आणि त्याने गाणं आयपॅडवरच रेकॉर्ड करून व्हिडिओही आयपॅडवरच काढला होता. आम्ही स्टुडिओ परवडत नाही म्हणून रडत होतो, ते रडणं त्या दिवशी बंद झालं. पुढच्या वर्षी त्याचं आणि जे. बी. नगरच्या डिव्हाइनचं ‘मेरे गली में’ आलं, आणि टेकडीवरचं प्रत्येक पोरगं गल्लीवर लिहायला लागलं. मीसुद्धा. माझ्या हिंदी गल्लीत रोज राडा, रोज रक्त. खऱ्या गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडण पाण्याच्या पाइपावरून व्हायचं, आणि ते मराठीत व्हायचं.

रेकॉर्डिंग रात्री दोन ते साडेचार. कारण पावणेपाचला पाणी यायचं, मग हंडे, बादल्या, मोटर, सगळी चाळ जागी. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड माइक, कपड्यांच्या दोरीवर दोन्ही बाजूंनी आईने शिवलेल्या गोधड्या, मध्ये मी. आवाज येतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात. आई आणि बहीण बाहेर पॅसेजमध्ये झोपायच्या, ह्याची आता लाज वाटते. एका रात्री पाणी लवकर आलं. माझा टेक छान चालला होता, शेवटच्या बारला शेजारच्या काकूंचा आवाज आत आला, ‘अगं ऊठ, पाणी आलंय, ऊठ लवकर!’ मी डिलीट करणार होतो. बहिणीने हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाली, ‘दादा, ह्या गाण्यात तेवढंच खरंय.’

आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. मग पाण्यावर गाणं लिहिलं, मराठीत. चाळीत ते लोकांना पाठ झालं, कारण त्यात कुणाची मोटर जास्त ओढते ते नाव न घेता सांगितलं होतं.

आता ओळखीचं. माझी ओळख कुठल्या क्लबमध्ये झाली नाही. २०१६ ची १४ एप्रिल, आमच्या मंडळाचा भीमगीतांचा कार्यक्रम. मुख्य गायक ट्रॅफिकमध्ये अडकले, कार्यकर्त्याने मला हाताला धरून वर ढकललं, ‘दहा मिनिटं काढ.’ बीट, म्हणजे मागचं संगीत, पेनड्राइव्हवर होती आणि मिक्सर पेनड्राइव्ह वाचेना. समोर हजारभर माणूस, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका. गायन पार्टीचे ढोलकीवाले मामा म्हणाले, ‘तू बोल, मी धरतो.’ त्यांनी केरवा धरला. त्याच्या आठ मात्रांत आपल्या बीटचे चार ठोके सरळ बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या ओळीला मी घसरलो. मामांनी ठेका सोडला नाही, माझ्याकडे बघून फक्त मान खाली केली, म्हणजे सम इथे आहे, इथून ये. मी आलो. पुन्हा घसरलो, पुन्हा मान.

नंतर चहाच्या वेळी म्हणाले, ‘पोरा, शब्द आहेत तुझ्याकडे. पण श्वास कुठे घेतोस ते तुलाच ठाऊक नाही. वहीत खूण कर.’ तेव्हापासून वहीत जिथे श्वास तिथे लाल पेनने टिंब. टिंब टाकायला जागा सापडली नाही तर ती ओळ लांब आहे, मग ती कितीही आवडती असो. कार्टर रोडला तू भाषेमुळे अडकला नसशील, श्वासामुळे अडकला असशील. ट्रेनच्या दारात ओळी बरोबर आल्या कारण तिथे घाई नव्हती. वही उघडून बघ.

(वरच्या काकांना नम्रपणे. भीमजलसे, पोवाडे, तमाशातले सवाल-जवाब ह्या शहरात आणि राज्यात आमच्या आधीपासून आहेत. ठेक्यावर बोलणं, समोरच्याला शब्दात पकडणं, हे आम्ही शोधलेलं नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांसमोर शाहीर डफावर संपाची गाणी म्हणायचे तेव्हा त्यांनाही कुणीतरी बडबड म्हटलंच असेल.)

भाषेचं बोलतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून ‘करतो, मरतो, धरतो’ असं यमक फुकटात मिळतं. नवीन पोरांचे सोळाच्या सोळा बार ‘तो’वर संपतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं मराठीत रॅप जमतच नाही. भाषेचा दोष नाही, आळस आहे. क्रियापद ओळीच्या पोटात ढकल, शेवटाला नाम ठेव. ‘रांगेत हंडा’ला ‘सांगे तो फंडा’ जोडून बघ, अख्खा तुकडा जुळतो. आणि तुझ्याकडे मालवणी आहे! मालवणीत ‘खंय’, ‘माका’, ‘तुका’ असले आखूड, दणकट शब्द आहेत, ते बीटवर हातोडीसारखे पडतात. ते ‘मध्येच घुसते’ म्हणून माफी कसली मागतोस?

स्वदेशी ग्रुप ऐक. त्यातला एमसी तोडफोड गुजरातीत करायचा, अमरावतीचा सौरभ मराठीत. २०१९ साली त्यांनी आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. त्यांना कुणी सांगितलं नसेल का, की हिंदीत करा? तोडफोड २०२२ मध्ये गेला, २४ वर्षांचा होता. मी त्याला एकदाच लाइव्ह ऐकलं, मला गुजराती जेमतेम कळतं, आणि मी घामाघूम होऊन बाहेर पडलो होतो. धारावीच्या डोपाडेलिक्झकडे तर हिंदी, मराठी, तमिळ एकाच गाण्यात येतं. धारावीच ती.

आता पैशाचं. २०१९ च्या फेब्रुवारीत रॅपरवरचा ‘गली बॉय’ सिनेमा आला आणि सहा महिने मुंबईत ज्याला त्याला रॅपर पाहिजे होता. मॉलला, साबणाच्या लाँचला, एका साखरपुड्याला. त्याच लाटेत एका आयोजकाने आम्हाला ‘मोठा स्टेज’ दिला. अट एवढीच, प्रत्येकाने ३०० रुपयांची दहा तिकिटं विकायची. माझी चार खपली, उरलेले १,८०० खिशातून भरले. बदल्यात आठ मिनिटं मिळणार होती. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, दहाला लाउडस्पीकर बंद, मी सहाव्या मिनिटाला ओठ हलवत उभा. खाली उतरून बघतो तर सगळी पोरं आयोजकाला शोधतायत, आणि साऊंडवाला शांतपणे केबल गुंडाळतोय. त्याने पैसे आधीच घेतले होते.

मी त्याच्याकडे शिकायला गेलो. आज तेच करतो, लाइव्ह साऊंड. वर्षाला दोन-तीन गाणी स्वतःची टाकतो. ह्याला हरणं म्हणायचं असेल तर म्हण, घराचं भाडं निघतं.

तुझं पॅकेज घेऊ नकोस. व्ह्यूजची गॅरंटी म्हणजे विकत घेतलेले व्ह्यूज, ते गाणं ऐकत नाहीत. २५,००० मध्ये स्वतःचा माइक, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), हेडफोन येतो आणि चार पैसे उरतात. पहिली वीस रेकॉर्डिंगं वाईट होणारच आहेत, ती घरी फुकटात वाईट होऊ देत.

हिशेबनीस

फेडर_खाली यांनी मनातलं लिहिलं. मी रॅप ऐकत नाही, पण एका म्युझिक कंपनीच्या रॉयल्टी विभागात सहा वर्षं काढली आहेत, म्हणून कोरडं तेवढं सांगते.

भांडुपकर, तुमच्या तीन गाण्यांच्या बीट कुठून आल्या? यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुतेक वेळा फक्त कमाई न करण्यासाठी फ्री असते. गाणं चाललं की बीटवाल्याचा दावा येतो आणि पैसे तिकडे वळतात. बीट लीजवर घ्या, म्हणजे पैसे देऊन वापरायची परवानगी, त्यात किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे ते वाचा, पावती जपून ठेवा. एकच बीट पन्नास जणांना लीजवर दिलेली असू शकते, हेही लक्षात असू द्या.

स्टुडिओवाल्याला विचारा, मास्टर, म्हणजे गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग, कुणाच्या नावावर राहणार, आणि ॲपवर गाणं कुणाच्या अकाउंटमधून चढणार? त्याच्या अकाउंटमधून चढलं तर तुमचे पैसे आधी त्याच्याकडे जातात, पुढे येतात की नाही ते नशीब. तुमच्या शब्दांचा वेगळा हक्क असतो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनसुद्धा कुणी आपल्या खिशात घालू शकत नाही. त्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. आमच्याकडे कितीतरी गीतकारांचे पैसे केवळ गाणं नोंदवलेलं नाही म्हणून अडकलेले असायचे.

आणि यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) झाल्याशिवाय सुरू होत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या हिशेबात ते शून्यच धरा.

भांडुप_पश्चिम

सगळ्यांचे आभार. स्टुडिओत फोन केला. मास्टर ‘कंपनीच्या’ नावावर, अकाउंट त्यांचंच, प्रोजेक्ट फाइल (गाण्याचे सगळे सुटे ट्रॅक) मागितली तर म्हणाला तशी पद्धत नाही. ‘दोन दिवसांत ठरव, ऑफर संपतेय.’ नाही सांगितलं. तो म्हणाला, मग बस मराठीत.

वहीत लाल टिंबं टाकायला बसलो. कार्टर रोडवाल्या गाण्यात पहिल्या चार बारमध्ये एकही टिंब बसत नाहीये. एकही. मालवणीत केलं तर ओळी आखूड होतात आणि दुसऱ्या बारनंतर जागा मिळते. पण आई म्हणते शेजारच्यांना कळणार नाही.

बीट ‘फ्री’वालीच होती. तिन्ही गाण्यांची.

फेडर दादा, माइक घ्यायला लॅमिंग्टन रोडला कधी जाताय का? मला रविवारी सुट्टी असते.

फेडर_खाली

रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी अर्धा दिवस मागून घे. ग्रँट रोडला उतर, पूर्वेला, साडेअकराला. वही आण, बारचं मालवणी ऐकायचंय. शेजारच्यांचं नंतर बघू.

आणि घरी जुन्या गोधड्या असतील तर टाकू देऊ नकोस. फोम महाग झालाय.