सल्ला हवा: किलिमांजारोसाठी कोणती वाट आणि किती दिवस? (अमळनेरहून, सर्व खर्च तीन लाखांच्या आत)

बोरीकाठ
मी अमळनेरला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वय सत्तेचाळीस आहे. गेली चौदा वर्षे आफ्रिकेच्या नकाशावर किलिमांजारोचा ५,८९५ मीटरचा ठिपका मी मुलांना दाखवत आले, आणि या वर्षी तेथे स्वतः जाण्याचे ठरवले आहे. सुट्टी दिवाळीचीच मिळते. त्यामुळे भाऊबीज आटोपून निघायचे आणि शाळा उघडण्याच्या आत परतायचे, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. विमान, व्हिसा, विमा, बक्षिसी असे सगळे धरून तीन लाख रुपयांच्या वर मी जाऊ शकत नाही. साल्हेर दोनदा आणि कळसुबाई तीनदा चढले आहे; उजवा गुडघा उतरताना कधीकधी दुखतो.

प्रश्न असे आहेत. मारंगू, माचामे आणि लेमोशो यांपैकी कोणती वाट घ्यावी? सहा दिवस पुरतात की आठ लागतात? स्लीपिंग बॅग विकत घ्यावी की तेथे भाड्याने घ्यावी? ज्यांनी ही चढाई स्वतः केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तोरणमाळ_७२
ताई, दुसरा विचारच करू नका, लेमोशो आठ दिवस घ्या. आम्ही नंदुरबारचे चौघे मित्र फेब्रुवारीत गेलो होतो आणि चौघेही उहुरू या सर्वोच्च शिखरावर पोहोचलो. पश्चिमेकडून शिरा पठार ओलांडताना दोन दिवस समोर फक्त किबो, म्हणजे किलिमांजारोचा सर्वांत उंच शंकू, दिसत राहतो, आणि तेवढ्या दिवसांत शरीर हवेला सरावते. त्यानंतर आम्ही सेरेंगेटीची चार दिवसांची सफारी आणि झांझिबारला तीन दिवस केले. माणशी सव्वासहा लाख लागले, पण एवढ्या दूर पुन्हा जाणे होत नाही, म्हणून सफारीसुद्धा जोडून घ्याच.

लळिंग_पायवाट
वाट कोणतीही घ्या, बूट आधी पाहा. मी धुळ्याहून निघण्याच्या आठवडाभर आधी नवे कोरे बूट घेतले आणि लळिंगच्या किल्ल्यावर एकदाच घालून पाहिले. माचामे वाटेने शिखर केले, परंतु बराफू या वरच्या मुक्कामाहून खाली म्वेकाच्या प्रवेशद्वारापर्यंतच्या उतरणीत बोटे पुढे आदळून दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि पुढे दोन महिन्यांत गळून गेली. बूट अर्धा अंक मोठा घ्यावा, जाड मोज्यांसह किमान शंभर किलोमीटर चालून मुरवावा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नखे कापावीत. चढाईची चर्चा सगळे करतात. गुडघे आणि बोटे मात्र उतरणीत जातात.

निवृत्त_भुसावळ
मी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठाव्या वर्षी मारंगूने गेलो होतो, आणि शिखर न करता परतलो. ज्या संस्थेमार्फत गेलो तिने पाच दिवसांचा कार्यक्रम स्वस्तात दिला आणि तो पुरेसा असल्याचे सांगितले. पहिल्या दिवशी मंदाराचा मुक्काम, सुमारे २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी होरोंबो, ३,७२०. तिसऱ्या दिवशी किबो हट, ४,७२०. आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे. म्हणजे दररोज हजार मीटर वर, आणि मध्ये विश्रांतीचा एकही दिवस नाही. किबोला पोहोचेपर्यंत डोके फुटेल असे झाले होते, पोटात पाणीही ठरत नव्हते. रात्री साडेबारापर्यंत घसाऱ्यावर चाललो, नंतर उलट्या थांबेनात, तेव्हा मार्गदर्शकाने हात धरून खाली नेले. तो शहाणा होता म्हणून मी आज हे लिहू शकतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे: मारंगू घेऊ नका. तोरणमाळकर म्हणतात ते बरोबर आहे, दिवस जास्त हवेत.

पाटणादेवी
मारंगूला एवढी नावे ठेवण्याचे कारण मला समजत नाही. भुसावळच्या नानांची अडचण वाटेची नव्हती, पाच दिवसांची होती. त्याच वाटेवर होरोंबोला एक जादा मुक्काम करून सहा दिवसांत जाता येते. त्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत, म्हणजे साधारण चार हजार मीटरपर्यंत चढायचे आणि झोपायला पुन्हा होरोंबोला यायचे. तरीही माचामेचा आराखडा अधिक चांगला आहे, हे मान्य करते. तेथे एकाच दिवसात ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून सहाशे-सातशे मीटर खाली बरांकोला झोपतात. 'उंच चढा, खाली झोपा' हा नियम त्या वाटेच्या रचनेतच आहे. बरांकोच्या पुढचा कातळटप्पा हातांनी धरून चढावा लागतो, परंतु साल्हेर केलेल्या माणसाला त्याची भीती वाटू नये.

अस्तंभा_यात्री
मी लहानपणापासून दिवाळीत अस्तंभ्याच्या यात्रेला जातो. रात्रभर चालून पहाटे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला पोहोचणे हे शिखराच्या रात्रीसारखेच आहे, त्यामुळे तयारीसाठी परदेशी व्यायामशाळेची गरज नाही. आपल्याकडे सातपुडा असताना आणि उत्तरेला हिमालय असताना आफ्रिकेला का जावे, हाही प्रश्न आहे. तीन लाखांत हिमालयात चार मोहिमा होतील.

पाटणादेवी
दादा, प्रश्न किलिमांजारोचा आहे, आणि भूगोलाच्या शिक्षिकेला विषुववृत्ताजवळचे बर्फ पाहावेसे वाटणे मला तरी योग्य वाटते. शिवाय अस्तंभा १,३२५ मीटर आहे. पाय आणि दम त्याने नक्की तयार होतात, उंचीची सवय मात्र होत नाही. कळसुबाईचे १,६४६ मीटरचे शिखरसुद्धा मारंगूच्या प्रवेशद्वारापेक्षा सुमारे दोनशे मीटर खाली आहे. महाराष्ट्रात कोठेही कितीही चढलो, तरी विरळ हवेचा सराव मिळत नाही.

अस्तंभा_यात्री
हे मला ठाऊक नव्हते, आणि ते मान्य आहे. तरी रात्री चालण्याची सवय फार उपयोगी पडते, एवढे माझे म्हणणे कायम आहे.

धुळे_वैद्यक
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून फक्त प्रकृतीविषयी लिहितो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर यावर उपाय करते, पण त्याला दिवस लागतात, आणि तंदुरुस्तीने हे दिवस कमी होत नाहीत. पळणारी तरुण मुले वेगाने वर जातात आणि अधिक आजारी पडतात, ही नेहमीची गोष्ट आहे.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, उंचीच्या आजाराच्या प्रतिबंधासाठी साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. घरी असतानाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दोन दिवस घेऊन पाहावी. झोपेची गोळी वर घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे असे की डोकेदुखी कमी होत नसेल तर वर जायचे नाही. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, बोलणे अडखळत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत आहे असे समजून त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरायचे. नाना, तुमच्या मार्गदर्शकाने तेच केले.

चोपडा_नाका
आमचा अनुभवही तोच आहे की हळू चालावे. तेथील लोक दिवसभर 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. बूट मुरवलेले असावेत, दिवस जास्त घ्यावेत आणि रोज तीन-चार लिटर पाणी प्यावे. मी नळी लावलेली पाण्याची पिशवी नेली होती आणि शिखराच्या रात्री नळीतले पाणी गोठले. त्यामुळे साधी बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ बुडाशी धरते आणि तोंड मोकळे राहते. हेडलॅम्पच्या आणि फोनच्या बॅटऱ्या रात्री अंथरुणात घेऊन झोपावे.

गिरणा_पंप
स्लीपिंग बॅग विकतच घ्या. मी तेथे भाड्याने घेतली, तिची चेन दुसऱ्या रात्री तुटली आणि पुढचे चार मुक्काम मी जाकीट, टोपी आणि हातमोजे घालून काढले. खान्देशातल्या माणसाला पंचेचाळीस अंशांच्या उन्हाची सवय असते, उणे पंधराची नसते. परतल्यावर मी बावीस हजारांची पिसांची बॅग घेतली. ती उत्तम आहे.

लळिंग_पायवाट
बॅगेपेक्षा बूट महत्त्वाचे आहेत, हे मी पुन्हा सांगतो. बॅग भाड्याने चालते. मी डोंगराच्या पायथ्याशी मोशी शहरात दुकानात समोर उघडून, चेन दोनदा ओढून घेतली होती आणि काही अडचण आली नाही. बूट भाड्याने चालत नाहीत.

तोरणमाळ_७२
आम्हीसुद्धा सगळे सामान विकत घेतले होते. माझे जाकीट अठ्ठावीस हजारांचे आहे आणि ते आजही नव्यासारखे आहे.

यावल_रानवाट
ताईंनी तीन लाख सांगितले आहेत, त्या रकमेकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. मी गेलो त्या वर्षीचा हिशोब देतो. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसाला ७० डॉलर, तंबूचा मुक्काम रात्रीला ५० डॉलर, मारंगूच्या हटमध्ये ६०, बचावशुल्क २०, आणि या सर्वांवर १८ टक्के कर होता. म्हणजे एक जादा दिवस उद्यानाच्या शुल्कातच दीडशे डॉलरच्या आसपास जातो, मार्गदर्शक आणि स्वयंपाकी यांचे वेगळे. परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय चढताच येत नाही, म्हणून जो कोणी फारच स्वस्त दर देतो तो पोर्टरांच्या मजुरीतून, त्यांच्या जेवणातून किंवा तुमच्या दिवसांतून पैसे काढत असतो. पोर्टरच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त भार नसावा असा नियम आहे; प्रवेशद्वारावर वजन होते तेथे उभे राहून पाहा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट या पोर्टरांच्या हितासाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडलेली कंपनी आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. बक्षिसीचे दोन-अडीचशे डॉलर आधीच बाजूला काढून ठेवा, ती ऐच्छिक म्हटली तरी त्या लोकांच्या घरखर्चाचा भाग आहे.

नोव्हेंबर हा लहान पावसाचा महिना आहे, हेही कोणी लिहिले नाही. दक्षिणेकडच्या वाटांवर, म्हणजे माचामेला, रोज दुपारी भिजण्याची तयारी ठेवावी लागेल. तंबूच घ्यायचा असेल तर उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून जाणारी रोंगाई वाट त्या मानाने कोरडी आहे. ती सात दिवसांत करावी आणि उतरताना मारंगूने यावे.

पारोळा_चौफुली
पिवळ्या तापाच्या लसीचे कोणी बोलले नाही. मी मुंबईतल्या अधिकृत केंद्रात ती प्रवासाच्या सहा दिवस आधी घेतली, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते हे तेथे कळले. तिकीट पुढे ढकलावे लागले आणि सत्तावीस हजार गेले. तुम्ही आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे परतणार, आणि प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. लस एकदाच घ्यावी लागते, प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतची पायी चढाई आणि हेलिकॉप्टरने बचाव हे शब्द कागदावर आहेत का ते वाचून घ्या; साध्या प्रवासविम्यात बहुधा ते नसतात. सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, २०१९ पासून टांझानियात त्या आणण्यास बंदी आहे.

गिरणा_पंप
खाण्याचे मी सांगतो. शाकाहारी जेवण मिळते, पण चार हजार मीटरवर भूक मरते आणि परके पदार्थ नकोसे होतात. मी शेंगदाण्याची कोरडी चटणी, बिबड्या आणि राजगिऱ्याच्या चिक्क्या नेल्या होत्या. शेवटच्या रात्री फक्त चिक्की पोटात गेली, तीही खिशात अंगाला लावून ठेवली म्हणून चावता आली.

बोरीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस सगळी उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली, वहीत हिशोब मांडला आणि आज निर्णय घेतला. मी मारंगूनेच जाणार आहे, सहा दिवसांत, होरोंबोला दोन रात्री काढून. तुमच्यापैकी बहुतेकांनी नको म्हटले आहे, म्हणून कारणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

लेमोशो माझ्या रकमेत बसत नाही. माचामे कशीबशी बसते, पण पावसात सहा रात्री ओल्या तंबूत मला झोप लागणार नाही. साल्हेरवर भिजलेल्या एका रात्रीनंतर मी दुसऱ्या दिवशी किती खचले होते ते मला आठवते. रोंगाईचा सल्ला मला सर्वांत पटला होता, परंतु सात दिवसांच्या दराने विमा आणि बक्षिसी यांवर हात आखडावा लागला असता, आणि त्या दोन गोष्टींत मी काटकसर करणार नाही. मारंगूला पाचही रात्री डोक्यावर छप्पर आणि खाली गादी आहे. सहा दिवसांचे एक लाख सत्तर हजार, विमान अडुसष्ट हजार, आणि व्हिसा, लस, विमा, बक्षिसी, भाड्याचे सामान हे सर्व धरून दोन लाख पंच्याऐंशी हजारांपर्यंत बेरीज जाते.

सहा दिवस आठांपेक्षा कमीच आहेत, हे मी विसरलेले नाही. म्हणून मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगणार आहे की किबोला मला सरळ रेषेत चालवून पाहा, आणि पावले चुकली तर माझे काहीही ऐकू नका. विवराच्या कडेवरच्या, ५,६८५ मीटरच्या गिलमन्स पॉइंटवरून परतावे लागले तरी मी परतेन. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायरसुद्धा १८८७ मध्ये शिखर न गाठता मागे फिरला होता आणि १८८९ मध्ये लुडविग पुर्टशेलरबरोबर वर पोहोचला, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

लसीची तारीख घेतली आहे. बूट जूनमध्येच घेईन. स्लीपिंग बॅग मोशीला चेन ओढून पाहून भाड्याने घेईन.

निवृत्त_भुसावळ
ताई, निर्णय मला पटलेला नाही, आणि मन राखण्यासाठी पटला असे म्हणणार नाही. किबो हटपासून गिलमन्स पॉइंटपर्यंतचा घसारा मी पाहिला आहे. परंतु जादा दिवस घेतलात, हे मला मिळाले नव्हते ते तुम्हाला मिळाले. गुडघ्यासाठी दोन काठ्या न्याच, एक पुरणार नाही.

बॅग भाड्याने घेऊ नका. माझी उणे पंधरा अंशांची बॅग कपाटात तशीच आहे, फक्त तीन रात्री वापरलेली. माझी मुलगी अमळनेरलाच दिली आहे आणि मी पुढच्या रविवारी तिच्याकडे येणार आहे. सकाळच्या पॅसेंजरने येतो; स्थानकावर या, काठ्याही बरोबर आणतो. चेन तेथेच ओढून पाहा.

बोरीकाठ
नाना, रविवारी स्थानकावर येते. जेवायला आमच्याकडेच चला, मुलीलाही बोलवा. किबोच्या रात्रीचे मला तुमच्याकडून समोर बसून ऐकायचे आहे.