जुने गोवे बघायला गेलात का कधी? आपापले अनुभव लिहा

मीनल, फोंडा: काल भाचीचा फोन, मावशी मे महिन्यात पुण्याहून येतोय, जुनं गोवं एका सकाळीत होईल ना? आणि मला एकदम शाळेची सहल आठवली. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या बुरुजाखाली माना वर करून उभ्या होतो सगळ्या, 46 मीटर उंच, तोही अर्धाच, उरलेला 1931 साली पडला असं बाई सांगत होत्या. बाकी सगळे बॉम जेझूसचं चर्च बघून बसमध्ये जाऊन बसतात आणि हे राहून जातं, त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही कसं बघितलंत? तिला काय सांगू?

डिचोलीकर: शुक्रवार सोडून या म्हणावं, म्युझियम बंद असतं. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे

सुलभा, म्हापसा: ऑगस्टिनला खाली बघत चाला गं, जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली, पायाखालीच येतात. भिंतीला कुठे कुठे निळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेत. 1835 ला मठ बंद केले आणि मग बघायला कोणी नाही, 1842 ला छप्परच खाली आलं. आमच्या मिस्टरांना केतेवान राणीची गोष्ट फार आवडते, जॉर्जियाची राणी, 1624 मध्ये शिराझला मारली, तिचे अवशेष इथल्या पाद्र्यांनी आणून ठेवलेले. पुरातत्त्व खात्याला खोदकामात हाडं सापडली, हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि 2021 ला भारताने जॉर्जियाला दिली. एवढ्या लांबची बाई आपल्या गोव्यात, मला तर रडूच आलं होतं.

रानफूल: बापरे सुलभाताई, हे माहीतच नव्हतं!! बाजूला राहून माहीत नाही

डिचोलीकर: आलो. ऑगस्टिनची मोठी घंटा कुठाय माहितीये का? पणजीच्या चर्चमध्ये, पायऱ्यांवरच्या त्या. 1871 पासून तिथेच. आम्ही रोज ऐकायचो, कॉलेज पणजीला.

नितीन, साखळी: मीनलताई पावसात नको, चिऱ्यावर शेवाळ धरतं, बहिणीचा पाय घसरलेला. सकाळी लवकर जा, मे मध्ये दहानंतर ऊन मारतं आणि तिथे सावली नाही. व्हाइसरॉयच्या कमानीखालून पुढे गेलात की दिवाडी बेटाची फेरीबोट, तशीच पुढे नार्व्याला सप्तकोटेश्वर, शिवाजी महाराजांनी 1668 ला जीर्णोद्धार केलेला. आमचं कुलदैवत नाही पण आई दर वर्षी जातेच.

रानफूल: नार्व्याला थेट बस आहे का नितीनदादा? सासूबाई केव्हापासून म्हणतायत

नितीन, साखळी: डिचोलीहून मिळते. वेळ विचारून सांगतो

मीनल, फोंडा: सुलभाताई काय सुंदर लिहिलंत. भाचीला सांगते, ऑगस्टिन आधी, बॉम जेझूस नंतर. सोबत तिची सासू आहे, गुडघ्यांचा त्रास, चढ जमेल का?

सुलभा, म्हापसा: तो चढ नको त्यांना, गाडी वरपर्यंत न्या. आणि से कॅथेड्रलमध्ये बसवा निवांत, गार असतं आत. 1776 ला एक बुरूज पडला तो परत बांधलाच नाही, म्हणून समोरून एकीकडे रिकामं दिसतं, तेही दाखवा

डिचोलीकर: आणि सेंट झेवियरच्या फेस्ताच्या वेळी, 3 डिसेंबरला आलात तर जत्रेतला गोड खाऊ, खाजें, घ्यायला विसरू नका, माझ्यासाठी पण एक पुडा 😄

रानफूल: मला दोन!