सलोख्याचा पुरस्कार: निवड कामाची की फाइलीची?

डिचोलीकर: आमच्या पंचायतीबाहेर एक बाई वीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहून देते. फक्त रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या किरिस्तांव बाया, कर्नाटकातून आलेले कामगार, सगळे तिच्यापाशी रांग लावतात. गेल्या महिन्यात एका संस्थेच्या सलोखा पुरस्कारासाठी मी तिचं नाव पाठवलं. पाच फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि 'कार्याचा प्रभाव' इंग्रजीत लिहून मागितला होता. कात्रणं नाहीत म्हणून अर्ज छाननीतच बाद. फोटोबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्या वेळी माझ्या हातात पेन असतं, फोटो कोण काढणार?" ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांच्याकडे असे अर्ज भरायला पगारी माणूस आहे. त्यांच्या कामाबद्दल आकस नाही. पण कागद जमवणाराच दिसणार असेल तर ही निवड कशाची झाली?

म्हापसेकर: बाब, मी अशाच एका छोट्या पुरस्काराच्या समितीवर आहे. 40 अर्ज, तिघे जण, एक दुपार. कागद नसला की "मी ओळखतो त्यांना, सज्जन माणूस" एवढ्यावर निकाल लागतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. ज्याची ओळख नाही त्याला कागदाचाच आधार. कॅनडातल्या ऑटवाच्या ग्लोबल सेंटर फॉर प्लुरलिझमने, म्हणजे वेगवेगळ्या समाजांच्या सहजीवनासाठी काम करणाऱ्या संस्थेने, 2017 साली पहिल्यांदा पुरस्कार दिले, तिघांना प्रत्येकी 50,000 कॅनेडियन डॉलर. त्यांत कोलंबियातल्या बोहायाचे लेनर पालासिओस होते. तिथे 2002 साली चर्चमध्ये आसऱ्याला गेलेली माणसं मारली गेली, आणि ते त्यांच्या नातलगांसाठी उभे राहिले. तिथेही नामांकन लागतंच. लिहून दिल्याशिवाय दूरच्या ज्युरीला बोहाया कळणार कसं?

मडगावची शिक्षिका: तुम्ही दोघेही कागदावर अडलात. आपल्या गोव्यात शिरगावच्या लईराई देवीकडून म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला तेल जातं, जत्रेला तिकडून मोगरा येतो. दोघींना आपण बहिणी मानतो, माझाही जीव आहे त्या प्रथेवर. पण सलोख्याचा सत्कार म्हटला की स्टेजवर दर वेळी हेच येतं, कारण त्यात कोणाला काही सोडावं लागत नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारतात, कामगाराला 'घाटी' म्हणून हाकलतात. तिथे जो मध्ये पडतो त्याला शाल दिली तर अर्धा वाडा समितीवर रुसेल. त्याची फाइल पूर्ण असली तरी तुम्ही त्याला निवडाल का?

म्हापसेकर: ताई, असा एक अर्ज आला होता. "वाद होईल" असं एकाने म्हटलं आणि तो बाजूला पडला. मी गप्प बसलो. ते चुकलंच.

पर्वरीकर: मी व्हीलचेअरवर असतो. 2023 च्या जानेवारीत पणजीत अपंगांचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव झाला तेव्हा रॅम्प, खुणांची भाषा, सगळं आधी ठरलेलं होतं, कारण ठरवणाऱ्यांत आमची माणसं होती. त्यानंतर एका सभागृहात 'समावेशकतेचा' पुरस्कार घ्यायला मला चौघांनी उचलून स्टेजवर नेलं. त्या ज्युरीत अपंग कोणीच नव्हता. आधी ज्युरीत कोण बसतं ते बघा, अर्जाचा नमुना मग बदला.

डिचोलीकर: पर्वरीकरांचं पटलं. माझं मागणं फार नाही. अर्ज मराठी-कोंकणीत घ्या, रोमीतही. निवडीआधी एकाने गावात जाऊन, ज्यांच्यासाठी काम झालं त्या चौघांना तरी विचारा. आमच्या पंचायतीबाहेर कोणी तासभर उभा राहिला असता तर कात्रणं लागली नसती.

म्हापसेकर: 40 गावं फिरायला आमच्याकडे माणसं नाहीत. शेवटच्या पाचांपर्यंत जाता येईल.

डिचोलीकर: पण कात्रणांवरून पाच ठरवलेत तर ती त्यांत येणारच नाही. आणि ज्यांना नाकारलंत त्यांना कारण कळवलंत?

म्हापसेकर: नाही. दोघांचे फोन आले होते, मी उचलले नाहीत. यंदा प्रत्येकाला लेखी कारण द्यायचं आणि अर्ज कुठल्याही लिपीत घ्यायचा, हे बैठकीत मांडतो. कात्रणं सोडू, पण लेखी पुरावा हवाच. तुमच्या बाईने ज्यांचे अर्ज लिहिले त्यांतल्या दहा जणांच्या सह्या आणा, मला तेवढं पुरे.