आधी अडतंय कुठे ते तपासा

कॉम्प्युटरमधला एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर काढून रायझन ७ ५७००एक्स३डी टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. गेमसाठी विचारत असाल तर आधी ग्राफिक्स कार्ड किती राबतंय ते बघा. ते सतत ९५-९९ टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बदलून हाती फारसं काही लागणार नाही.

प्रोसेसरचा वापर ४० टक्केच दिसतो म्हणजे तो निवांत आहे, हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. ३६०० मध्ये १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम चालणाऱ्या १२ वाटा आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो! त्यापेक्षा रिझोल्यूशन उतरवून बघा. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडवणारा बहुधा प्रोसेसरच.

तसं असेल तर खुशाल घ्या. एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) ३२ वरून ९६ एमबी होते आणि बऱ्याच गेममध्ये, विशेषतः मध्येच बसणारे झटके कमी होण्यात, त्याचा खरा उपयोग होतो. सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) दोन्हींचं एएम४च, त्यामुळे मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम तीच चालते. फक्त बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा.

नुसतं ब्राउझर आणि ऑफिसचं काम असेल तर ३६०० भरपूर आहे. अजून हार्ड डिस्कवर असाल तर पैसे एसएसडीत घाला.